हत्तीचो लेंगो

कतारमध्ये नदी नाही. एकही नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण माझ्या नवऱ्याला ते अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

तो मूळचा पुण्याचा, जन्माचा शाकाहारी, गॅस प्लांटवर इंजिनियर. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटच्या सोफ्यावर बसून तो अमेरिकेतल्या नद्यांचे व्हिडिओ बघतो. त्यात एक दाढीवाला माणूस शरद ऋतूत कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. मागे लाल-पिवळी झाडं, वर धुकं. तो गळ फेकतो, स्मॉलमाउथ बास नावाचा लहान तोंडाचा मासा पकडतो, त्याच्याकडे डोळे भरून बघतो, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडून देतो. हा शेवटचा भाग नवऱ्याला फार भावला. मारायचं नाही, खायचं नाही, घरात वास नाही. पकडायचा, बघायचा, सोडायचा. आमच्याकडे याला मुलगी बघायला जाणं म्हणतात. पोहे खाऊन यायचं आणि नंतर काही कळवायचं नाही.

मग सामान यायला लागलं. वेडर्स आले, म्हणजे छातीपर्यंत येणारी, खाली बूट जोडलेली रबराची विजार. एक जॅकेट आलं, त्याला इतके खिसे की गाडीची किल्ली कुठल्या खिशात ठेवली ते शोधण्यात एक अख्खी सकाळ गेली. माशांना फसवायला प्लास्टिकचे बेडूक आले, गांडुळं आली. कतारच्या समुद्रातल्या माशाने बापजन्मी बेडूक पाहिला नसेल, पण माझं ऐकतंय कोण. पाण्यासाठी त्याने अल थखिराची खारफुटी शोधली. दोह्याहून उत्तरेला तासभर गाडी मारली की तिथे उथळ खाडी लागते.

"टेक्निकली ही नदीच आहे," तो म्हणाला. "फक्त पाणी खारं आहे आणि दोन्ही बाजूंना वाहतं."

लहान तोंडी मोठा घास म्हणतात तो हाच.

शरद ऋतू इथे एसीच्या आवाजावरून कळतो. ऑक्टोबर संपत आला की हॉलमधलं घरघरणं थोडं कमी होतं, सकाळी बाल्कनीचं दार उघडं ठेवता येतं, आणि नवऱ्याच्या अंगात दाढीवाला संचारतो. दोन शरद ऋतू तो दर शुक्रवारी पहाटे जात होता. येताना फोटो आणायचा. पाण्यात उभा असलेला तो, गळ टाकणारा तो, क्षितिजाकडे बघणारा तो. फोटोत मासा सोडून सगळं असायचं. विचारलं तर म्हणायचा, "सोडला ना. नियम आहे." सोडलेल्या माशाला साक्षीदार नसतो, त्यामुळे मी पुढे विचारायचं बंद केलं.

एकट्याने मराठी माणसाला काही करता येत नाही, म्हणून मंडळ झालं. माणसं चार. त्यातले एक अध्यक्ष, अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये राहणारे, भाषणाची आवड असलेले. एक सचिव, नाशिकचे, ज्यांना खरोखर मासे पकडता येतात आणि म्हणूनच ज्यांना कोणी अध्यक्ष केलं नाही. एक खजिनदार, ज्यांच्याकडे खजिना नव्हता. आणि माझा नवरा कार्याध्यक्ष. मंडळाचं नाव मी इथे देत नाही, ते एका ओळीत मावत नाही. मंडळाला घटना होती आणि तिचं पहिलं कलम होतं: धरलेला प्रत्येक मासा सन्मानपूर्वक सोडण्यात येईल.

आता माझे बाबा.

मी मालवणजवळची. बाबा पोस्टात काउंटरवर होते, निवृत्त होऊन जमाना झाला. आई गेल्यापासून घरात एकटे. आयुष्यभर त्यांचा एक नेम होता: सकाळी पिशवी घेऊन बाजारात जायचं आणि मासे घ्यायचे. घ्यायचे म्हणजे नुसते पैसे टाकून उचलायचे नाहीत. आधी टोपलीसमोर उकिडवं बसायचं. मासा उचलायचा, अंगठ्याने कल्ला उघडून आत लाल आहे का बघायचं, पोट दाबायचं, डोळ्यात डोळा घालायचा. मग एक तर "ताजो आसा" म्हणायचं, नाहीतर "कालचो" म्हणून परत टोपलीत टाकायचं. कोळणी त्यांना बघून कपाळाला हात लावायच्या आणि त्यांच्यासाठी चांगला मासा मात्र बाजूला काढून ठेवायच्या.

गेल्या पावसाळ्यात ते तापाने आडवे पडले आणि त्यांनी कुणालाच कळवलं नाही. शेजारणीने मला फोन केला तोवर चार दिवस झाले होते. मी त्या रात्री फार रडले, आणि ठरवलं की आता दर हिवाळा बाबा आमच्याकडे. फॅमिली व्हिजिटचा व्हिसा काढला, डिसेंबरअखेरचं परतीचं तिकीट काढलं. त्यांना इथे करमावं आणि त्यांनी दरवर्षी आपणहून यावं, एवढंच मला हवं होतं.

बाबांना करमलं नाही. पहिला आठवडा त्यांनी खिडकीतून खालचं पार्किंग बघितलं. दुसऱ्या आठवड्यात ते विचारायला लागले, "तिकीट आदीचा मेळात काय गो? तुळशीच्या लग्नाक मी घरात होयो."

"हय काय त्रास आसा तुमका?"

"त्रास खय? पण हय माका काम काय?"

खरंच काही नव्हतं. मी शाळेत शिकवते, पहाटे बाहेर पडते. मुलगी नववीत, तिला मालवणी सगळी समजते पण तोंडातून इंग्लिशच येतं, तेही कानातली बटणं काढली तर. मासे मी हायपरमार्केटमधून आणायची, थर्माकोलच्या ताटलीत प्लास्टिकखाली निजलेले. ताटलीवर तारीख छापलेली. बाबांनी पहिल्यांदा ती ताटली हातात घेतली, उलटीपालटी केली आणि ओट्यावर ठेवली. कल्ला उघडायलाच जागा नव्हती.

आणि जावई. त्या दोघांमध्ये भांडण कधीच नव्हतं, भांडायला आधी बोलावं लागतं. इतक्या वर्षांत त्यांची वाक्यं ठरलेली: "प्रवास कसा झाला?" "बरो झालो." "जेवलात?" "जेवलंय." ज्या दिवशी घरात मासे असत त्या दिवशी नवरा आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर सोफ्यावर जाई. त्यात तिरस्कार नव्हता, सवय होती. पण बाबांना वाटायचं की आपल्यामुळे जावयाला टेबलावरून उठावं लागतं, आणि ते पटापट जेवून घ्यायचे. मला दोघांचाही राग यायचा.

अशात एका शुक्रवारी नवरा खाडीवरून आला, दारात वेडर्स सोडता सोडता त्याची नजर बाबांवर पडली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बाबा! तुम्ही तर मालवणचे. तुम्ही लहानपणापासून मासेमारी केली असेल ना? म्हणजे पाण्यात उभं राहून, गळ टाकून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे... हो. थोडाफार."

जावई त्यांच्याशेजारी बसला. चहा दोनदा झाला. वारा, भरती, ओहोटी, चंद्र, सगळं निघालं. बाबा मधूनमधून "वारो पडूक होयो", "सुकतीक मासो भायर जाता" असं म्हणत होते, जे आमच्याकडे टपरीवरचा चहावालाही म्हणतो. नवरा मान डोलवत होता. दोघं तासभर बोलले.

मी बाबांना स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, तुमी कधी मासे धरलास?"

"मी जल्मात कधी गरी हातात धरूक नाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माका पानयात जावकच भय वाटता."

"मगे तसा सांगलात कित्याक नाय?"

"तेनी पयल्यांदाच माका काय तरी इचारल्यानी गो. नाय कसा म्हणू?"

त्या दिवशी त्यांनी तिकिटाचं नाव काढलं नव्हतं. मी गप्प राहिले.

गप्प राहण्याचे परिणाम मंडळात झाले. नवऱ्याने ग्रुपवर टाकलं की सिंधुदुर्गातले एक पारंपरिक मत्स्यतज्ज्ञ सध्या आपल्या शहरात असून ते आपले सासरे आहेत. अध्यक्षांनी तातडीची बैठक घेतली. बैठकीत ठरलं की काकांना प्रमुख मार्गदर्शक करावं. प्रमुख मार्गदर्शक केलं की सत्कार आला, सत्कार आला की शाल-श्रीफळ आलं. सचिव सूक वाकिफच्या जुन्या बाजारात जाऊन शाल घेऊन आले. एवढ्या उष्म्यात लोकरीची शाल मागणारं गिऱ्हाईक बघून दुकानदाराने म्हणे त्यांना पाणी विचारलं. नारळ ग्रोसरीतून आला, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला. अध्यक्ष म्हणाले की सत्कार प्रत्यक्ष कार्यस्थळीच व्हावा. कार्यस्थळ म्हणजे पाणी.

हे ऐकून बाबांना घाम फुटला. "आता काय करूया गो?"

"खरा काय ता सांगा. काय होणार नाय."

"आता? शाल हाडल्यानी ना!" आणि जरा थांबून म्हणाले, "जावयबापूंचा चार लोकांत हसा होयत. मी काय, मी चार दिवसांनी घरी."

म्हणजे तिकीट पुन्हा आलंच. मला कळून चुकलं की हे उघडं पडलं तर बाबा पहिल्या विमानाने जातील आणि परत या घराची पायरी चढायचे नाहीत. अपमानाने नाही, संकोचाने. आमच्याकडची माणसं संकोचाने जास्त दूर जातात.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर हॉलमध्ये शिकवणी चालू. झाडूच्या दांड्याला लेंग्याची नाडी बांधलेली, नाडीच्या टोकाला भेंडी. समोर लॅपटॉपवर तो दाढीवाला. माझी मुलगी, कानातली बटणं काढून, आजोबांचं मनगट धरून उभी.

"नो आजोबा, नॉट द होल हँड. ओन्ली रिस्ट. असं. फ्लिक."

"तां मिया बघतंय गो, पण ह्यो रांडेचो बोलता काय?"

"ही सेज... म्हणजे... तो सांगतो, घाई नको. मासा... मासा बघतो, मग येतो."

एवढं सलग मराठी तिच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. बाबांनी झाडू फिरवला, भेंडी जाऊन पडद्यात अडकली आणि दोघं खिदळायला लागली. मी पडदा सोडवला आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेले.

गुरुवारी नवऱ्याने एक मोठं खोकं आणलं. बाबांसाठी वेडर्स. साइझ अमेरिकन. बाबा आत उभे राहिले तर विजार कानापर्यंत आली, आणि त्यांच्यासारखे अजून दोन बाबा तिच्यात सहज मावले असते.

"ह्यो हत्तीचो लेंगो कोणाक?" बाबा आतून म्हणाले.

नवरा हिरमुसला. परत करता येत नव्हता, बिल हरवलं होतं. बाबांनी तो नीट घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "आमी लुंगी वर बांदून जाताव, जावयबापू. तीच आमची पद्धत." नवऱ्याने ही पद्धत लगेच ग्रुपवर कळवली.

शुक्रवारी उजाडता उजाडता सगळे अल थखिराला पोचलो. खारफुटीत बगळे, पाणी आरशासारखं, हवा खरोखर सुंदर. मंडळाच्या बायकांनी चटईवर पोह्याचे डबे मांडले. पुरुष वेडर्स चढवून पाण्यात उतरले आणि त्यांच्यामध्ये माझे बाबा, लुंगी गुडघ्यावर बांधलेली, मुंडा बनियन, चष्म्याला दोरी. पाण्यात पाय टाकताना त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी नुसती मान हलवली.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी" वगैरे झालं. मग मत्स्यावतार झाला, मग कोकणची किनारपट्टी झाली, मग परदेशातल्या मराठी माणसाचं कर्तव्य झालं. आता अल थखिराचं पाणी ओहोटीला भराभर मागे सरतं हे मंडळाच्या घटनेत कुठे लिहिलेलं नव्हतं. भाषण सुरू झालं तेव्हा सगळे गुडघाभर पाण्यात होते. अध्यक्ष "मी आपला फार वेळ घेणार नाही" म्हणाले तेव्हा पाणी घोट्याला आलं होतं. शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या झाल्या, आणि चार वेडर्स चढवलेले पुरुष चिखलात उभे होते. समुद्र लांब जाऊन थांबला होता.

"यल्ला, यल्ला," सचिव म्हणाले, आणि सगळे समुद्राच्या मागे चालायला लागले.

पाण्यापाशी पोचल्यावर सचिवांनी मानाने स्वतःचा गळ बाबांना दिला. बाबांनी पिशवीतून माझ्या फ्रीजरमधली कोळंबी काढून त्याला लावली. दुपारच्या कालवणासाठी ठेवलेली होती ती. प्लास्टिकच्या बेडकांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. नवरा त्यांच्या शेजारी आपलं खिशांचं जॅकेट घालून उभा राहिला. मी आणि मुलगी कडेला, ती मोबाईलवर शूटिंग करत.

बाबांनी मनगट हलवलं. फ्लिक. कोळंबी बरी लांब जाऊन पडली. "येस, आजोबा!" मुलगी ओरडली.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. मंडळाचे लोक बाबांकडे बघत होते. ते जरा डावीकडे सरकले की सगळे डावीकडे सरकत. त्यांनी नाक खाजवलं तर खजिनदारांनी वाऱ्याची दिशा बघितली. बाबांना फक्त पाय भिजल्यामुळे थंडी वाजत होती, म्हणून त्यांनी ती लोकरीची शाल अंगाभोवती घट्ट घेतली होती. शाल उपयोगी पडलेला माझ्या पाहण्यातला हा एकमेव सत्कार.

आणि गळाला ओढ बसली.

बाबा ओरडले. नवरा ओरडला. मुलगी ओरडली. गिरगिर फिरवायचं चाक बाबांनी उलटं फिरवलं, मग सुलटं फिरवलं, मग सोडूनच दिलं आणि दोरा हाताने ओढायला लागले. पाणी उसळलं आणि एक चांगला हातभर हमूर, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, बाबांच्या पोटावर येऊन आदळला. बाबांनी तो शालीत धरला. मासा जिवाच्या आकांताने फडफडत होता, शेपटीने बाबांच्या थोबाडीत मारत होता.

बाबांनी काय करावं? त्यांनी अंगठ्याने त्याचा कल्ला उघडला. आत वाकून बघितलं. पोट दाबलं. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताजो आसा!"

जिवंत माशाचे कल्ले बघून तो ताजा आहे असं सांगणारा मच्छीमार पृथ्वीच्या पाठीवर झालेला नाही.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "श्वास तपासला, पाहिलंत? केवढी ही करुणा!" खजिनदारांनी फोटो काढला. सचिवांनी भुवया उंचावल्या, पण ते सचिव होते, बोलले नाहीत.

नवरा मात्र बाबांच्या अंगठ्याकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की त्याला कळलं. हायपरमार्केटमध्ये ट्रॉली धरून तो इतकी वर्षं माझ्यामागे उभा राहिला आहे. माणसं बघत नाहीत असं बघून मी प्लास्टिकवरून नखाने माशाचं पोट दाबते, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं आहे. विकत घेणाऱ्याचा हात त्याला ओळखता येतो.

"काका, रिलीज!" अध्यक्ष म्हणाले. "सन्मानपूर्वक!"

"सोडूचो?" बाबांनी मासा छातीशी धरला. "सोडूचो आसा तर धरूचो कित्याक?"

"कलम एक, काका."

सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. कार्याध्यक्ष तोच, कलम त्यानेच लिहिलेलं, मार्गदर्शक त्यानेच आणलेले. बाबाही त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पकडला गेल्याचा भाव होता. एका शब्दाने सगळं उघडं झालं असतं.

"मासा घरी जाईल," नवरा म्हणाला.

"घटनेत अपवाद नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग मी राजीनामा देतो."

"लेखी लागेल."

"खलास. सोमवारी मेल करतो. बाबा, चला."

अशा रीतीने मंडळ फुटलं. तसं ते फुटणारच होतं, मराठी मंडळ फुटल्याशिवाय पूर्ण होत नाही, पण एका हमूरवरून फुटलेलं बहुधा हे पहिलंच. संध्याकाळपर्यंत दोन ग्रुप झाले होते आणि खजिनदार दोन्हींत होते.

घरी आल्यावर मी ओट्यावर मासा साफ करायला घेतला. बाबा शेजारी स्टुलावर बसले.

"जावयबापूंका कळला काय गो?"

"कोणाक म्हायत," मी म्हटलं.

"तुका एक सांगतंय, कोणाक सांगू नको." ते दाराकडे बघून पुढे झुकले. "तेंच्या गळाक टोक नाय. मी शेजारी हुतंय, बघितलंय. सगळी टोकां पक्कडीन तोडून टाकलेली. खयचो मासो गावतलो तेंका?"

मी सुरी खाली ठेवली. दोन शरद ऋतू, दर शुक्रवारी पहाटे, तो माणूस बोथट गळ घेऊन पाण्यात उभा राहत होता. माशाला लागू नये म्हणून. मला हसू फुटलं आणि त्याच वेळी तो इतका आवडला की काय सांगू.

"तेंका बोलू नको हां," बाबा म्हणाले. "माणूस बरो आसा. बिचाऱ्याक मासेमारी येना नाय इतक्याच."

जेवताना कालवण, तळलेल्या तुकड्या, भात. मी नवऱ्याचं वरण-भाताचं ताट नेहमीसारखं बाजूला काढलं. तो ते घेऊन आला आणि टेबलावर बसला, बाबांच्या समोरच्या खुर्चीत. मासा खाल्ला नाही. पण उठलाही नाही. बाबा त्या दिवशी सावकाश जेवले, काटे ताटाच्या कडेला नीट रचत.

हात धुता धुता नवरा म्हणाला, "बाबा, पकडायचं राहू द्या. मला मासा विकत घ्यायला शिकवा. उद्या शनिवार आहे, मला सुट्टी."

बाबा टॉवेलला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "पिशी घेवक होयी. कापडाची."

त्यानंतर दर शनिवारी सकाळी दोघं बंदराजवळच्या मासळीबाजारात जायला लागले. पुण्याचा माझा नवरा नाक न दाबता, म्हणजे निदान हाताने न दाबता, अंगठ्याने कल्ला उघडायला शिकला. बाबा मालवणी हिंदीत घासाघीस करत, बांगलादेशी विक्रेता "खलास, चाचा, खलास!" म्हणून हात जोडे, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यासाठी चांगला मासा बाजूला काढून ठेवलेला असे. घरी आल्यावर नवरा मला सांगे, "आज शेरी मासळी ताजी होती. बाबांनी मलाच बघायला लावली." तुळशीचं लग्न शेजारणीने लावलं. तिकिटाचा विषय निघाला नाही.

पण पुन्हा येण्याचाही निघाला नाही, आणि विचारायचं मला धैर्य नव्हतं. डिसेंबर संपत आला. एअरपोर्टवर बॅगा तोलून झाल्या, मुलगी बाबांच्या गळ्यात पडून "आजोबा, परत या हां" असं चक्क मराठीत म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण हो म्हणाले नाहीत. नवऱ्याने वाकून नमस्कार केला. बाबा आत जायला वळले, चार पावलं गेले आणि परत आले. मला वाटलं चष्मा विसरले.

"जावयबापू," ते म्हणाले, "पुढल्या खेपेक माज्या मापाचो लेंगो हाडून ठेवा. त्या हत्तीच्या लेंग्यात माका तुमच्या बाजूक उभ्यान रवाक जमाचा नाय."